मिस्त्रींचा हात आणि दोन आयर्न

आमच्या गोल्फ क्लबात दुरुस्त झालेलं आयर्न, म्हणजे लोखंडी माथ्याची काठी, मिस्त्रींनी डोळे मिटून तीन चेंडू जाळीत मारल्याशिवाय कुणी घरी नेत नसे. चेंडू माथ्याच्या मध्यावर लागला, टोकाला लागला की दांड्याकडच्या टाचेला, हे ते नुसत्या बोटांवरून सांगत. माथ्यावर चिकटवलेल्या कागदावर डाग उमटायचाच, पण तो बघायची गरज कधी पडली नाही. मी तिथला कॅडी, लोकांच्या पिशव्या वाहणारा. ऊन वाढलं की वर्कशॉपच्या दारात टेकायचो.

त्यांची मुलगी तिथंच ग्राइंडरवर होती. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली, पण कामावर बोलणी खायची. "मी चेंडू मारायला उभा राहिलो की तुझी मशीन बरी बंद पडते! कामचुकार कुठली!" मिस्त्री आजारातून उठले तेव्हापासून आठ महिने हेच पालुपद. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा मशीन थांबवायची.

त्या सकाळी नवे मॅनेजर दोन आयर्न घेऊन आले. कुणीतरी त्यांचे कान भरले होते, की आजारपणानंतर मिस्त्रींच्या हातातून वस्तू निसटतात. "मारून सांगा, मिस्त्री. चुकलात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पहिलं होतं ब्लेड. पातळ पाठीचं, खडूस. चेंडू जरा इकडेतिकडे लागला की हाताला झिणझिण्या आणणार, कुणाची चूक पोटात घालणार नाही. मुलीनं मशीन थांबवली. खट्. "टोक." डाग टोकालाच. टप्प. "मध्य." बरोबर. तिसराही बरोबर. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरं रुंद पाठीचं, नवशिक्यांचं लाडकं. चेंडू कुठंही लागो, सरळच जाणार आणि आवाजही तोच येणार. चुका माफ करणारं म्हणतात त्याला. मिस्त्रींनी चेंडू मारला. मान कलती, कपाळावर घाम.

"मध्य," ते शेवटी म्हणाले.

डाग टाचेच्या पार कडेला होता.

"या आयर्नवर कुणाच्याच हाताला कळत नाही, साहेब," मी मध्येच तोंड घातलं. मॅनेजर घुटमळले. निभावलं असतं.

पण मिस्त्री मुलीकडे बघत होते. तिचा हात अजून मशीनच्या बटणावर होता. इतके महिने ही पोर मशीन का थांबवत होती, ते त्यांना तेव्हा उमगलं. त्यांचा चेहराच पडला.

"बोटं मेलीत माझी, साहेब," ते म्हणाले. "कानांवर, नुसत्या आवाजावर दिवस काढत होतो." आणि आयर्न त्यांनी मुलीपुढे धरलं. "हिला विचारा."

तिनं आधी बटण दाबलं. मशीनच्या घरघरीनं खोली भरून गेली. मिस्त्री घाईघाईनं बटणाकडे धावले.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "चालू राहू द्या."

तिनं डोळे मिटून चेंडू मारला. "टाच. कडेपासून बोटभर आत."

मॅनेजर कागद बघायला वाकले. मिस्त्री वाकले नाहीत.