कारंज्याची नानकटाई

आसेगावच्या फाट्यावर एस.टी. येऊन थांबली, तरी माय माझ्या हातातली पिशवी सोडायला तयार नव्हती. आमचे हे ट्रंक टपावर चढवत होते, कंडक्टर घंटीची दोरी धरून आमच्याकडे डोळे वटारत होता, आणि माय पिशवीचा एक बंद धरून मला सांगत होती की तवा सगळ्यात खाली आहे, पिशवी आपटू नको. शेवटी बाबांनीच तिची बोटं सोडवली. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "कोनी इचारलं तं खरं सांगजो. नाही इचारलं तं आपून होऊन सांगत नोको बसू." एवढं बोलून ते बैलगाडीकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही.

काय विचारलं तर, हे तुम्हा गावाकडच्यांना समजावून सांगायला नको. पण आमच्या नातवंडांपैकी कोणी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. छप्पन साली आमचं सगळं घर बौद्ध झालं, तेव्हा मी मायच्या कडेवर होते. आम्ही बदललो, पण गावाच्या आणि शहराच्या तोंडचा प्रश्न तोच राहिला. गावात तो कोणी विचारत नसे, कारण गावाला उत्तर पाठ होतं. परगावी मात्र दर दारात तो उभा असे.

ह्यांना पोस्टात कारकुनाची नोकरी लागली आणि कारंज्याला खोली शोधायची वेळ आली. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, गावागावांतली माणसं शहरात आली होती आणि खोल्यांना मागणी होती, हे खरंच. पण आमच्या बाबतीत खोली रिकामी असायची ती गावाचं नाव सांगेपर्यंत. मग गावात घर कोणत्या बाजूला, असं विचारलं जायचं, आणि खोली कालच गेलेली असायची. असं फिरता फिरता एका विधवा बाईच्या घरी आलो. सगळे तिला काकू म्हणत. तिनं फक्त आडनाव विचारलं. आमचं आडनाव वऱ्हाडात चार जातींत सापडतं. तिनं त्यातली आपल्याला सोयीची निवडली आणि किल्ली हातावर ठेवली. आम्ही खोटं बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी भिऊन राहू लागले.

काकू वाईट असती तर बरं झालं असतं. तिनं पहिल्याच दिवशी दही आणून दिलं, आपला जुना स्टोव्ह दिला, आणि आंगणातल्या विहिरीचं पाणी खुशाल भर म्हणाली. मी बादली विहिरीत सोडायची ती आधी चारी बाजूंना पाहून. आमच्या प्रत्येक घरात जी तसबीर भिंतीवर असते, ती माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत होती. हे म्हणायचे, लावू, थोडं स्थिरस्थावर होऊ दे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण आम्ही तर कोणाचं काही चोरलंही नव्हतं.

आता नागपुरात माझी सून शुक्रवारपासूनच "वीकेंड, वीकेंड" करते. शनिवारी मॉल, ड्रायक्लीनिंग, नातीचा डान्सचा क्लास, आणि रविवारी ओव्हनमध्ये केक. मी तिला म्हणते, अगं, आमचाही एक वीकेंड झाला होता, तोही बेकिंगचाच. तिला वाटतं मी गंमत करते.

तो शनिवार असा. सोमवारी काकूची लेक सासूला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती, आणि विहिणीसोबत द्यायला काकूला घरची नानकटाई करायची होती. तेव्हा कोणाच्या घरी ओव्हन? पीठ घरी मळायचं आणि परात डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, अशी रीत होती. पण काकूचा पाय न्हाणीत घसरला आणि उजवं मनगट सुजून भोपळा झालं. त्यामुळे सकाळपासून तिची सगळी धावपळ माझ्या वाट्याला आली. रॉकेलच्या रांगेत मी, मैद्यासाठी वाण्याकडे मी, साखर दळायला गिरणीत मी, बेकरीत नंबर लावायलाही मीच. त्या धावपळीत मी खूश होते. पाय चालत असले की डोक्यात भीती बसत नाही.

घरी आले तर काकूनं ओसरीवर परात मांडलेली. तूप, साखर, वेलदोड्याची पूड, सगळं हाताशी. मला म्हणाली, "पोरी, माह्या हाताचं तं असं झालं. आता तूच मळून दे."

बाहेरची कामं करणं वेगळं आणि तिच्या विहिणीच्या तोंडी जाणाऱ्या पिठात हात घालणं वेगळं. उद्या हे कळलं तर खोली जाईलच, पण ह्यांना चार माणसं रस्त्यात गाठतील. आमच्याकडच्या एकाला पाणवठ्यावरून कसं मारलं होतं ते मी लहानपणी पाहिलं होतं. बाईच्या जातीला नाही म्हणायला एक हुकमी सबब असते, कावळा शिवला म्हणायचं आणि चार दिवस बाजूला बसायचं. पण त्याच सकाळी मी तिच्यासमोर विहिरीवरून दोन घागरी आणल्या होत्या. ती सबब मी स्वतःच्या हातानं घालवली होती.

"मले येत नाही काकू," मी म्हणाले.

"न येऊन कसं चालंन? लगीन झालं तुहं. बस, मी सांगतो."

मी बसले. तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायची, पांढरी हलकी होईपर्यंत. काकू बाजूला बसून सांगत होती, मध्येच डाव्या हाताच्या बोटानं परातीतलं चाखून पाहत होती, आणि तिनं बोट तोंडात घातलं की मी फेसायची थांबत होते. "हात हलका हाये तुहा," ती म्हणाली. कुणी माझ्या कामाचं इतकं कौतुक पूर्वी केलं नव्हतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. मैदा घातला, रवा घातला. फडकं झाकून परात डोक्यावर घेतली आणि जीव मुठीत धरून निघाले.

भट्टीवर बायकांची रांग होती. प्रत्येकीपुढे परात, आणि बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीनं काळे पत्रे आत सारत होते. मी पत्र्यावर गोळे मांडत असताना शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काकूच्या घरची दिसतं. कोन तू तिची?"

"भाडेकरू."

"माहेर कोनतं?"

"आसेगाव."

"अस्सं? माही बहीन दिली हाये आसेगावात. कोनाची तू?"

बाबांचं वाक्य आठवलं. इचारलं तं खरं सांगजो. गोळे हातात तसेच. तेवढ्यात चाचांनी हाक मारली, "किसकी बारी है? पत्रा लाव इकडं!" मी पत्रा उचलून पळाले, आणि नानकटाई भाजून होईस्तोवर भट्टीच्या तोंडाशीच उभी राहिले. आगीची धग लागत होती, पण त्या म्हातारीजवळ जाण्यापेक्षा ती बरी वाटली.

हे कामावरून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "बरी झाली का पन?" मला रडता रडता हसू आलं. खरंच फार सुरेख झाली होती. वर बारीक भेगा, आत खुसखुशीत. काकूनं चव पाहायला दोन खाल्ल्या आणि दोन माझ्या हातावर ठेवल्या.

रविवारी ती ओसरीवर बसून पितळी डब्यात नानकटाई नीट रचत होती आणि मी खाली कागद कापून देत होते. आदल्या दिवसाचं सगळं निभावलं, असं मला वाटू लागलं होतं. आणि फाटकातून माय आत आली.

पत्र नाही, निरोप नाही. डोक्यावर गाठोडं, विहारात नेसायचं पांढरं लुगडं, अनवाणी पाय धुळीनं भरलेले. लेकीचा संसार पाहायला पहिल्या गाडीनं निघाली होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं, काकूकडे पाहून दोन्ही हात जोडले आणि गावात म्हणते तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, बाई."

काकूचा हात डब्यावर थांबला. मी काकूकडे पाहिलं नाही. मी मायच्या पायांकडे पाहत राहिले.

"या, बसा," काकू म्हणाली. आवाज तोच होता, गोड. पण मायला ओसरीवर ये म्हणाली नाही. माय आपली आंगणातच टेकली आणि गाठोडं सोडलं. रोडगे होते. पहाटे उठून गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वरची राख फडक्यानं पुसलेली. त्यातला सगळ्यात मोठा रोडगा तिनं काकूपुढे धरला. "घ्या बाई. फोडून वरून तूप घाला. माह्या पोरीले तुमी आसरा देल्ला."

"आज माहा उपास हाये," काकू म्हणाली.

सकाळीच तिनं माझ्यासमोर पोहे खाल्ले होते. मायचा हात पुढेच राहिला, मग तिनं रोडगा परत गाठोड्यात ठेवला. "मंग उद्या खा," ती म्हणाली. तिला काहीच लागलं नाही, उपासाची माणसं तिनं पाहिलेली होती. काकू उठून आत गेली.

आता आरडाओरड होईल म्हणून मी वाट पाहत बसले. मायला खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि माझे कान ओसरीकडे होते. ह्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. दुपार टळली आणि काकूची हाक आली. मी पाय ओढत गेले. तिनं डब्याला झाकण लावलं होतं. डबा हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि मागे सरली.

"हे सारं घेऊन जाय. लेकीचं येनं रद्द झालं. मी एकटी कायले खाऊ येवढं?"

"काकू, डबा रिकामा करून आनतो," मी म्हणाले.

"नोको," ती म्हणाली. "डबा वापस नोको आनू."

शिवी नाही, आवाज चढवलेला नाही. मी भरलेला डबा उचलून आणला, आणि मायला आनंद मावेना. झाकण उघडून वास घेतला, डबा फिरवून पितळ पाहिलं. "डबा बी देल्ला? किती मोठ्या मनाची बाई हाये वं. जपून राह्य इच्याजवळ." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ह्यांच्याकडे. संध्याकाळच्या गाडीनं माय डबा घेऊन परत गेली आणि साऱ्या वस्तीत घरोघर नानकटाई वाटली. आसेगावात ज्यांनी ती खाल्ली त्यांतले काही जण अजून आहेत. ते मला अजून सांगतात, तशी नानकटाई पुन्हा खाल्ली नाही.

सोमवारी काकूची लेक सासूला घेऊन आली. टांगा फाटकाशी थांबलेला मी खिडकीतून पाहिला. त्याआधी, सकाळी, मी पीठ मळलेली ती परात आंगणात धगधगत्या गोवऱ्यांवर पालथी घातलेली पाहिली होती. मग विहिरीचा दोर दिसेनासा झाला. तुटला, काकू म्हणाली. मग तिचा भाऊ राहायला येणार असं ठरलं आणि त्याला आमचीच खोली लागणार होती. आम्ही महिना भरून निघालो, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याच लोकांत. तिथं पहिल्या दिवशी ह्यांनी भिंतीत खिळा ठोकला आणि ट्रंकेतली तसबीर बाहेर काढली.

पण मायनं मला सोडलं नाही. कोणाचा भरला डबा रिकामा परत करायचा नाही, ही तिची रीत. काकू डबा नको म्हणाली हे मी तिला सांगितलं होतं, पण मोठ्या मनाची माणसं असंच म्हणतात, असं तिचं मत. दर हंगामाला आसेगावहून तो पितळी डबा भरून यायचा, कधी तिळाचे लाडू, कधी मुगाच्या वड्या. सोबत निरोप, "बाईले नेऊन दे." आणि मी म्हणायची, दिला माय, फार आवडलं तिला. लाडू आम्हीच खायचो आणि डबा घासून गावी पाठवायचो. माय विचारायची, रिकामाच देल्ला का तिनं? मग मीच त्यात काहीतरी घालायला लागले, काकूच्या नावानं. कित्येक वर्षं मी दोन्हीकडून तो व्यवहार सांभाळला. माय गेली तेव्हा, मोठ्या मनाची एक बाई कारंज्यात आपली आठवण काढते, याच समाधानात गेली.

तुम्ही, गावी राहिलेले, फोनवर विचारता, आता घर कोणतं, नागपूर की आसेगाव? आणि तुम्ही, माझ्यासारखे बाहेर पडलेले, विचारत नाही, कारण तुम्हालाही सांगता येत नसेल. इथं आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर ह्यांच्या नावाची पाटी आहे. सुनेचा केक झाला की त्याच गरम ओव्हनमध्ये मी नानकटाई लावते आणि नात ताटली घेऊन शेजारच्या मॅडमकडे जाते. मॅडम चांगल्या आहेत, दारातच एक तोंडात टाकतात. तरी तेवढा वेळ मी आमच्या दाराआड उभी राहून त्यांच्या हाताकडे पाहत असते, तो हात तोंडापर्यंत जातो का नाही ते. नात म्हणते, आजी, तू घाबरल्यासारखी काय बघतेस? मायच्या चुलीपुढे मी कोणाच्या हाताकडे कधी पाहिलं नाही. माझं घर तेवढंच होतं, बाकी सगळीकडे मी अजून पाहते.