जावयाच्या ईमेलवर माझं लोणचं

मंडळी, खरं सांगते, आज पोटात दुखून राहिलं.

अकोल्याच्या प्रदर्शनात माझ्या शेजारीच दर्यापूरच्या शोभाताईंचा लोणच्याचा स्टॉल होता. त्यांच्या कार्डावर दुकानाच्या नावाची वेबसाइट अन् ईमेल. माझ्या कार्डावर जावयाचा ईमेल!

नागपूरचा व्यापारी मले म्हणाला, "काकू, मागेच ऑर्डर पाठवली होती. तुमचं उत्तरच नाही."

आता जावयाले रोज ‘मेल पाहिला का’ कसं विचारावं? मानाचा माणूस तो.

ऑर्डर शोभाताईंनी नेली. वरून म्हणतात, "काहून वो बाई, अजून जावयाच्याच भरवशावर?"

त्यांचं भलं होवो, पण लोणचं माझंच सरस आहे.

आता स्वतःची वेबसाइट ठेवायले होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची जागा, घेतेच. वेबसाइट अन् ईमेल एकाच कंपनीकडून घ्यावं की वेगवेगळं? शोभाताई सोडून कोणीही सांगा.