आईचा गुलाब हिरवागार आहे

मंडळी, सकाळी कुळगावला बाबांकडे जाऊन आले, तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

आईला जाऊन वर्ष होत आलं. तिचा लाल गुलाब अजून गॅलरीत आहे. माझ्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही दोघी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेलो होतो, तिथून परतताना तिने रिक्षात मांडीवर ठेवून आणलेलं ते कलम.

"बघ केवढा वाढलाय," बाबा दारातच म्हणाले. खरंच वरच्या ग्रिलपर्यंत गेला होता.

जवळ जाऊन बघितलं. वाढला होता तो कलमाच्या जोडाखालून फुटलेला जंगली फुटवा, ज्याला आईचं लाल फूल कधीच येणार नाही. सगळं पाणी, सगळं खत त्यानेच खाल्लेलं. आईचा गुलाब म्हणजे त्या हिरव्या गर्दीत काळी पडलेली एक वाळकी काडी.

असा फुटवा दिसला की आई लगेच मोडून टाकायची. "याची दया आली की झाड गेलंच समज," म्हणायची.

"अजून फूल नाही आलं," बाबा म्हणाले, "पण येईल. तिचं झाड आहे, मी कोणाला एक फांदीसुद्धा तोडू देत नाही."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि झाडाला पाणी घातलं.

आता अंबरनाथला घरी येऊन बसलेय. निघताना बाबा म्हणाले, पहिलं फूल आलं की फोटो पाठवतो.

तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का त्यांना?