मेंदीच्या दिवशी हरवलेली बोरमाळ

ते लग्नघर आणि तिथे झालेली माझी फजिती मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत मोठमोठे गुन्हे उघड केले, पण नातवंडं हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, कारण यात आजोबा तोंडघशी पडतात.

नांदूरघाटाच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी जवळच्या गावातल्या एका लग्नघरातून फोन आला. त्या घरी हळद होती. सकाळी मेंदीला बसताना नवरीने साखरपुड्यातली बोरमाळ उतरवून आतल्या खोलीत ताटात ठेवली होती. मेंदी झाल्यावर पाहिलं, तर ताट रिकामं. मेंदी काढणारी मुलगी नुकतीच निघून गेली होती, म्हणून सगळ्यांनी तिच्यावरच आळ घेतला. फोनवर नवरीचे वडील रडकुंडीला आले होते.

"साहेब, सहाला नवरदेवाकडून उष्टी हळद येनार हाय. माळ त्यांचीच हाय. त्यांनी इचारलं तर काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात खबर मिळाली की ती मुलगी बसथांब्यावर भेळ खात बसली आहे. चोरी करून पळणारा माणूस भेळेत कांदा वाढवून मागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही. महिला शिपाई पाठवून तिला ठाण्यात आणलं. झडतीत मेंदीचे कोन, निलगिरीचं तेल आणि कापूस निघाला. माळ नाही.

विशी-बाविशीची पोर. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम.

"माज्या उजव्या हातात कोन, डाव्या हातात आधी नवरीचा, मग एकेकीचा हात. सकाळपासनं जागची हालले न्हाई साहेब. आतल्या खोलीत कवा जाऊ?"

"मग माळ कोणी नेली?"

"ते तुमी शोधा. पर चोर म्हणून माजं नाव झालं, तर ह्या भागात कोनी मला दारात उभं करनार न्हाई. आई आन् मी ह्या कोनावरच जगतो."

मी दरडावलं, उलटसुलट विचारलं. तिचं उत्तर तसूभर हललं नाही. शेवटी तिला जीपमध्ये घेऊन लग्नघर गाठलं.

तिथली चौकशी म्हणजे सर्कसच. पंधरा-वीस बायका, प्रत्येकीचे दोन्ही हात मेंदीने माखलेले. हवालदाराने जबाब लिहिले, पण सही कोण करणार? एकीचा अंगठा घेतला, तर कागदावर मेंदीचा गोळाच उमटला. एकीच्या नाकाला खाज सुटली, ती शेजारणीच्या खांद्यावर नाक घासत होती. हवालदार वैतागून म्हणाला, "साहेब, ह्यो पंचनामा हाय का चित्रकला?"

मी मात्र ताट बघत होतो. ताटाखालच्या पांढऱ्या टॉवेलवर मेंदीचा एक ठिपकाही नव्हता. म्हणजे यांच्यापैकी कोणी ताटाला हात लावलेला नव्हता. पुरुष तर सकाळपासून मंडपातच होते.

"घरात अजून कोणी राहिलंय का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब, समदे हितंच हायेत," वडील म्हणाले आणि आतून चहाचा ट्रे घेऊन आले.

आलं घातलेला, वाफाळता चहा होता. एक घोट घेतला आणि थबकलो. बायकांचे हात मेंदीत, पुरुष मंडपात.

"हा चहा कोणी केला?"

"आत्यानं की," नवरी पटकन म्हणाली.

वडील चाचरले. "माजी बहीण. मालक वारल्यापून हितंच ऱ्हाती. हळदीच्या कामाला ती म्होरं येत न्हाई."

मी स्वयंपाकघरात गेलो. आत्याबाई पातेलं घासत होत्या. बोरमाळेचं नाव काढताच म्हणाल्या, "ती व्हय? उघड्यावर पडली व्हती, घरात इतकी मानसं. म्या ज्वारीच्या कनगीत ठिवली."

"मग सांगितलं का नाही?"

"चोरी झाली आसं कानावर आलं, पर कशाची ते मला कुनी सांगितलंच न्हाई."

माळ मिळाली. घर आनंदाने ओरडलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीपमधून त्या मुलीला उतरवलं आणि भर मंडपात सगळ्यांदेखत म्हणालो, "हिने काही घेतलेलं नाही. माळ आतल्या आत्याबाईंनी जपून ठेवली होती, त्यांना कोणी विचारलंच नाही. चूक माझी झाली." वडिलांनीही हात जोडले. तिने पिशवीतून एक कोन काढला, थेट आत गेली आणि आत्याबाईंसमोर मांडी घालून बसली.

"न्हाई गं माय, मला न्हाई चालत," आत्याबाईंनी हात मागे घेतला.

नवरी दारात येऊन उभी राहिली. "आत्या, तू हात दे. तवर मी हळदीला बसनार न्हाई."

बाहेर वाजंत्री आली. उष्टी हळद घेऊन पाहुणे दारात उभे राहिले, उशीर का होतोय म्हणून विचारू लागले. आता वडील पडतं घेतील असं मला वाटलं. पण ते खणखणीत आवाजात म्हणाले, "जरा दम धरा. माज्या बहिनीची मेंदी चाललीया."

परत जाताना मी मुलीला घरी सोडलं. वाटेत विचारलं, "आत्या आत आहे हे तुला आधी माहीत होतं?"

"न्हाई. मेंदी उरकून निघताना मी इचारलं व्हतं, कोनी ऱ्हायलंय का म्हणून. न्हाई म्हनले."

मीही तेच विचारलं होतं आणि मलाही तेच उत्तर मिळालं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणी "समदे हायेत साहेब" म्हटलं की मी चहा खाली ठेवायचो आणि स्वतः आत जाऊन बघायचो.