विलायतेहून आलेला भाऊ

राग आला की तो आधी चष्मा काढायचा, खिशात ठेवायचा आणि मग बोलायचा. एकदा मी विचारलं, "ही काय तऱ्हा?" तर म्हणाला, "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की मला भीड पडते. धूसर दिसलं की खरं बोलता येतं."

चिंचवडला आमच्या शेजारच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. मूळचा चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातला. रोज सकाळच्या गाडीनं पुण्याला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जायचा. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मी तिथं स्टोअरमध्ये लागलो होतो. आमच्या दोन खोल्यांत भिंत एकच. असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. आधी खोकला ओळखीचा होतो, मग माणूस.

त्याच्यासोबत त्याची धाकटी बहीण हौसा राहायची. आई लहानपणीच गेलेली. गावची शाळा सातवीपर्यंत. हौसा सातवी पास झाली तेव्हा यानं घरच्यांशी भांडून तिला चिंचवडच्या हायस्कुलात आणून घातलं. भाकऱ्या तोच थापायचा, आणि त्या काय व्हायच्या ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"दादा, ही भाकरी हाय का पाटी?"

"पाटीच. आधी तिच्यावर गणित सोडव, मग खा."

आमची ही हसत हसत कालवणाची वाटी नेऊन द्यायची.

मग कॉलेजातून त्याची निवड झाली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सहामाही शिकायची, बोटीच्या भाड्यासकट सगळं तिकडून. सहामाहीला तिकडे सेमिस्टर म्हणतात, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. गावानं ताशा लावून मिरवणूक काढली. त्याचे चुलते आण्णा सगळ्यांत पुढे. हे आण्णा म्हणजे गावचे कारभारी. शिकायला पाठवताना आडवे पडलेले, आता फेटा बांधून मिरवत होते. दसरा झाला आणि तो निघाला. जाताना आमच्या हिला म्हणाला, "वहिनी, हौसा तुमच्या हवाली. शाळा बुडू देऊ नका."

शाळा बुडाली नाही. माघापर्यंत.

माघात आण्णा आले. "जत्रा हाय. पोरीला चार दिस नेतो, आनून पोचवतो." घरचा माणूस, सख्खा चुलता, आम्ही नाही कसं म्हणणार? चार दिवस गेले, आठवडा गेला. शेवटी आम्ही दोघं एस.टी.नं गावी गेलो, तर दारात मांडवाच्या मेढी रोवलेल्या. हौसा आतल्या घरात. आमच्या हिला तिला भेटूही दिलं नाही.

"तिची वार्षिक परीक्षा आहे," मी म्हणालो.

"तुमी कोन?" आण्णा म्हणाले. "शेजारी. शेजाऱ्यानं शेजाऱ्यावानी ऱ्हावं. जेवा आन् जावा."

"भाऊ परत येईपर्यंत तरी थांबा."

"कशापायी? पंधरा पुरी झाल्यात. कायद्यात बसतंय." कायदा तेव्हा मुलीला पंधराच पुरे म्हणत होता, हे खरं.

इतक्या वर्षांनी लिहितानाही माझी लेखणी कागद फाडते आहे. स्थळ खेडच्या एका सधन घराण्यातलं; ते घराणं पूर्वी या घरची मुलगी करायला तयार नव्हतं. आता 'पोरीचा भाऊ विलायतेला' म्हटल्यावर तयार झालं. भाऊ परत आला असता तर लग्न झालं नसतं, म्हणून तो दूर असतानाच उरकायचं; आणि तो दूर आहे, म्हणूनच तिला एवढं मोठं स्थळ. मी तिच्या वडिलांकडे वळलो. आबा खाली बघत म्हणाले, "आण्णानं ठरिवलं. मी काय बोलू?" आमची ही त्या घरचं पाणीही न पिता उठली.

मी त्याला पत्र टाकलं. ते पोचलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

चैत्रात तो परतला. दारात ट्रंक ठेवली, आमच्याकडचा चहा घेतला. मग एकदम सांगायला लागला. तिथं तो एका विधवा बाईकडे राहत होता. नवरा लढाईत गेलेला, निम्मी गल्ली अजून विटांचा ढीग. ती बाई रोज संध्याकाळी सूप वाढताना विचारायची, बहिणीचा अभ्यास कसा चाललाय? आणि हा मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये अभिमानानं सांगायचा.

"तुमचं पत्र आलं, त्या संध्याकाळीही तिनं विचारलं," तो म्हणाला. "मी सांगितलं, उत्तम चाललाय. पुढं रोज तेच सांगत राहिलो. परक्या बाईला खरं सांगायची लाज वाटली हो मला. लाज आमच्या घराची! निघताना तिनं हौसासाठी कंपासपेटी दिली. ती मी बोटीवरून समुद्रात फेकून दिली."

त्या आठवड्यात गावात त्याचा सत्कार होता. तो जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण तो गेला, आणि मला घेऊन गेला. मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या, लाउडस्पीकर, आणि पुढच्या रांगेत हौसाच्या सासरची मंडळी. आण्णांनी भाषण ठोकलं. आमच्या घराण्यानं शिक्षणाची कास कशी धरली वगैरे. मग हार पुढे केला. यानं चष्मा काढला, खिशात ठेवला आणि हार हातानं बाजूला सारला.

"हार ऱ्हाऊ द्या. एकच सांगा. हौसाला कुनी इचारलं?"

राग अनावर झाला की त्याची बोली गावाकडची व्हायची. लाउडस्पीकर तेवढा घुमत होता.

"मी शिकायला गेलो हुतो. माझं नाव घिऊन तुमी पोरीची शाळा तोडली. आन् वर मला हार घालता? कुनी इचारलं तिला? आबा, तुमी?"

आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"विलायतेला जाऊन डोस्कं फिरलंय ह्येचं," आण्णा ओरडले.

"व्हय, फिरलंय! पयल्यांदाच नीट फिरलंय!"

सासरची मंडळी ताडकन उठून गेली. दोन जणांनी याला खाली ओढलं, सदरा फाटला. त्या रात्री त्याला घरात कोणी वाढलं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खेडला तिच्या सासरी गेलो. कालच्या प्रकारानंतर दारातूनच हाकलतील असं वाटलं होतं. पण सासूनं ओसरीवर घोंगडं टाकलं. हौसा डोक्यावरून पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोर दोन महिन्यांत वाळली होती.

"हौसा, चल," तो म्हणाला. "मी न्यायला आलोय."

तिनं तांब्या खाली ठेवला. रडेल असं मला वाटलं. पण तिनं मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत जो राग होता, तसा मी त्याच्याही डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

"कुठं नेतोस? परत शेजाऱ्याकडं? तू जायच्या आदी मी म्हनले हुते, मला पुन्याच्या बोर्डिंगात ठिव. आण्णा मला सोडायचा न्हाई. काय म्हनलास तवा? गावात लोक नावं ठिवतील. आन् काल त्याच गावापुढं माझ्या नावानं ओरडलास. हितं मला ऱ्हायचंय, दादा. तुला न्हाई."

तो तसाच बसला. चष्मा डोळ्यांवरच होता. काढायला हात वर गेला नाही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"आता तू काय करू नगंस. माझं मी बघीन."

आणि तिनं बघितलं. दीड वर्ष त्या घरात राबून सासूला आपलीशी केली. गावोगावच्या शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाला मुलींच्या वर्गावर शिकवायला बाई मिळत नव्हती. हिची सातवी झालेली, आणि तेव्हा तेवढी पुरायची. सासरा नाही म्हणाला तेव्हा सासूच म्हणाली, "घरात पोरास्नी वरडती, ती साळंत वरडंल." हौसा मास्तरीण झाली. हायस्कूल मात्र सुटलं ते सुटलंच. इंजिनिअर व्हायची तिच्यात धमक होती असं तो म्हणायचा. ते कुणी भरून देणार आहे का? आण्णा पुढं म्हातारे होऊन, मान मिळवून, अंथरुणावर शांतपणे गेले. मला अजून त्याचा राग येतो.

हौसाच्या भावानं पदवी घेतली. गावी पुन्हा पाय ठेवला नाही. मुली सांगून यायच्या, त्यांच्या बापांना तो दारातच विचारायचा, "मुलीला विचारून आलात का?" बाप परत जायचे. मग जर्मनीतल्या प्राध्यापकांनी बोलावलं आणि तो पुन्हा निघाला. या वेळी ताशा नव्हता. चिंचवड स्टेशनवर मुंबईच्या गाडीला आम्ही दोघं, आणि खेडहून पहाटेची एस.टी. धरून आलेली हौसा.

उभ्या उभ्या त्यानं तिला त्या जर्मन बाईची आणि कंपासपेटीची गोष्ट सांगितली. गाडी दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "हौसा, जाऊ का?"

तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. "जा. आन् त्या बाईला आता खरं सांग."

तो परत आला नाही. तिकडेच नोकरी, तिकडेच घर. पुढं तिकडेच वारला.

त्या दिवशी गाडी सुटल्यावर आमच्या हिनं डोळे पुसले आणि हौसाला म्हणाली, "घरी चल, चार घास खा." पण तिला दुपारची शाळा गाठायची होती. पदर खोचून ती प्लॅटफॉर्मवरून भराभर चालू लागली, आणि तिला गाठायला आम्हा दोघांना पळावं लागलं.