अकरा हजार सह्या

तादाओमी नुकागावर आमच्या गावाचा फार जीव. त्या जीवानेच त्याचा घात केला, हे मी आज स्पष्टच सांगतो.

छत्तीस वर्षांचा डावा बचावपटू. जपानच्या तिसऱ्या श्रेणीतल्या आमच्या फुटबॉल क्लबात चौदा वर्षं खेळला. गोल म्हणाल तर तीन, त्यातला एक पाठीला लागून गेलेला! पण सराव संपला की बाकीचे हीरो गाडीत बसून पसार व्हायचे आणि हा बर्फात उभा राहून शेवटच्या चाहत्याने सहीसाठी पुढे केलेल्या पुठ्ठ्यावर सही करायचा. शिगेयोकाकूंच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात त्याच्या सहीचे नऊ पुठ्ठे टांगलेत.

नोव्हेंबरात क्लबने कळवलं, पुढचा करार नाही. खेळाशिवाय नुकागाला दुसरं येत काय होतं? डिसेंबरात करार सुटलेल्या खेळाडूंची चाचणी असते. तिथे तो गुडघ्याची पट्टी लांब विजारीखाली लपवून, पोरासोरांत जिवाच्या आकांताने धावला. आणि नशीब बघा, दक्षिणेकडच्या एका क्लबचे मॅनेजर म्हणाले, "एक वर्ष याल? शुक्रवारी नक्की कळवतो."

घरी आल्यावर तो हे बायकोशीसुद्धा बोलला नाही. आम्हा लोकांची ही खोडच आहे. पक्कं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, समोरच्याची उगाच अडचण नको.

इकडे काकूंना वाटलं, पोरगं घरात रडत बसलंय. "नुकाला जाऊ देते की काय!" म्हणत त्या क्लबला द्यायच्या निवेदनावर सह्या गोळा करायला निघाल्या. मासळीबाजार, शाळा, सार्वजनिक न्हाणीघर, काही सोडलं नाही. चार दिवसांत अकरा हजार सह्या! पेपरात फोटो आला.

शुक्रवारी फोन वाजला. "नुकागासान, पेपर वाचला हो. गाव एवढा जीव टाकतंय. तुम्हाला तिथून उचललं तर आम्हाला कोण माफ करील? आम्ही मागे सरतो."

न्या हो मला, पाया पडतो! आतून नुसता आक्रोश चालला होता. पण जिभेला जन्माची सवय. तो उभ्या उभ्या फोनलाच वाकला. "माझा एवढा विचार केलात. आभारी आहे."

अरे मूर्खा! एक शब्द बोलला असतास तर!

दुसऱ्या दिवशी काकू धापा टाकत आल्या. "नुका, क्लब नमला बघ! तू इथेच राहणार. मॅचच्या दिवशी फाटकाशी उभं राहायचं, लोकांना हात करायचा, फोटो काढू द्यायचे."

"आणि खेळायचं?"

"अरे, आता कशाला ती दगदग? चौदा वर्षं धावलास, पुरे की! गुडघ्याला आराम पडेल."

काकूंचे डोळे भरून आले होते. थंडीत दारोदार हिंडून बोटांना भेगा पडल्या होत्या. नुकागाची नजर त्या बोटांवर गेली. "काकू, फार केलंत माझ्यासाठी," म्हणून तो कमरेत वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.

काकूंनी गठ्ठ्यातला शेवटचा कागद काढला. "इथे एक ओळ मोकळी राहिलीय. तूच कर सही. आठवण म्हणून दुकानात लावते."

कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, नुकागाला गाव सोडून जाऊ देऊ नका.

चौदा वर्षांत तो सहीला कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्याने काकूंकडून पेन घेतलं आणि सही केली.