मामांचं नाक आणि मैना

राजुरीत वारा कुठून वाहतोय हे सगळ्यात आधी आमच्या धाकट्या मामांच्या नाकाला कळायचं. लांबच्या शिवारात बाजरीची मळणी सुरू झाली की मामा इकडे ओट्यावर शिंकायला लागत, आणि एकदा लागले की ऐकणाऱ्यालाच धाप लागे. निघालेला पाहुणा शिंक ऐकून, अपशकुन नको म्हणून, परत टेकायचा. मामी चहाचं आधण पुन्हा चढवायची. पाहुणा चहा संपवून उठला की मामा पुन्हा शिंकायचे! ओतूरची एसटी त्यापायी किती जणांची चुकली असेल, देव जाणे. "बसा की राव, गाडी काय एकच हाय व्हय?" म्हणत मामा गळ्यातल्या टॉवेलला नाक पुसत.

शिंकांचा गुन्हेगार शोधणं हा त्यांचा आवडता उद्योग. आधी मामीचा पावडरचा डबा गेला, मग मांजराची घरातून हकालपट्टी झाली, मग उदबत्ती बंद होऊन देवांना नुसत्या फुलांवर भागवावं लागलं. संशय कधी आला नाही तो फक्त मैनेवर. मैना म्हणजे मामांची घोडी. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते, आणि मैना पुढे असली की बैल जीव तोडून पळत. तिला खरारा करायचा तो मामांनीच, आणि झोपायचं तेही पडवीत तिच्या शेजारी बाज टाकून. खरारा आटोपून आले की त्यांची छाती सूं सूं वाजायची. विचारलं तर म्हणायचे, "थंडी लई हाय."

नव्वदचं दशक संपता संपता एकदा त्यांना असा दमा लागला की ओठ निळे पडले. मी फार घाबरलो. जरा बरं वाटल्यावर त्यांना पुण्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांची तपासणी म्हणजे हातावर धूळ, परागकण, जनावरांचे केस अशा एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब टाकून टोचायचं. जिथे फुगेल तो गुन्हेगार. बाईंनी बजावलं होतं, ॲलर्जीच्या गोळ्या आधी बंद ठेवा. मामांनी त्याच सकाळी दोन घेतल्या. हात स्वच्छ! "बघा, माझी मैना निर्दोष," असं त्यांनी दवाखान्यात जाहीरही करून टाकलं. पण खात्रीसाठी टाकलेल्या ज्या थेंबानं कुणाचाही हात फुगतो, त्यानंसुद्धा मामांचा हात फुगला नव्हता.

"मामा, गोळी घेतलीत ना?" बाईंनी विचारलं.

"मग? तपासणीला काय शिंकत यायचं व्हय?"

बाई हसल्या आणि रक्त काढायला लावलं. रक्तातली आयजीई, म्हणजे शरीरानं न सोसणाऱ्या गोष्टीविरुद्ध उभी केलेली फौज, गोळीनं लपत नाही. घोड्यासाठीची आयजीई भलतीच वाढलेली निघाली. "जास्त म्हंजी बरंच की," मामा म्हणाले. डेअरीत दुधाला फॅट जास्त लागली की भाव मिळतो, हाच त्यांचा हिशोब. बाईंचं हसू मात्र गेलं होतं. "पुढचा झटका जिवावर बेतेल. घोडी घरात नको."

परतताना आळेफाटा आला. तेव्हा मामा म्हणाले, "तिनं काय केलंय रं? माझंच रगात खुळं."

मैना लेकीच्या सासरी, बोरी बुद्रुकला गेली. मामा तोंडात मारायचा दम्याचा पंप न चुकता घेऊ लागले. पुढच्या तपासणीत रक्तातल्या ॲलर्जीच्या पेशी उतरल्या, छाती मोकळी झाली. ही बातमी त्यांनी अख्ख्या राजुरीत स्वतः फिरून सांगितली.

जत्रेच्या शर्यतीला आम्ही गेलो. मैनेवरून येणारा वारा अंगावर येऊ नये म्हणून मामा वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले. मैना पुढे, बैल मागे, आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा न खोकता शेवटपर्यंत ओरडले. शर्यत संपल्यावर आवाज ओळखून मैना जावयाच्या हातातून सुटली ती थेट आमच्याकडेच. मामांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि एकेक पाऊल मागे सरकू लागले.

"न्हाई मैने, तिथंच थांब," ते म्हणाले. मैना थबकली. मामांचा आवाज खणखणीत होता. "आयक, किती लांबनं बोलतोय मी तुझ्याशी. लागतोय का कुठं दम?"